फाटक उचलणारा हात

सोमवार, ८ डिसेंबर १९९७. पेण.

मुलींच्या शाळेच्या विज्ञानाच्या बाई आज दुकानावर आल्या. मी पंपाच्या मोटरची वाइंडिंग भरत होतो, चोवीस खाचांपैकी सतरावी. खाच अर्धी टाकून उठायची माझी पद्धत नाही. बाईंना सहा मिनिटे बाकावर बसावे लागले.

काम असे. नववीतल्या तिघी मुलींनी विज्ञान प्रदर्शनासाठी यंत्रमानव काढला आहे. पुरा मानव नव्हे, नुसता हात. भरतीचे पाणी आले की मिठागराचे फाटक आपसूक उचलणारा. तालुक्याला पुठ्ठ्याचा नमुना ठेवला होता, तो निवडला गेला. आता जिल्ह्याला, म्हणजे जानेवारीत रोह्याला, खराखुरा चालवून दाखवायचा.

बाई म्हणाल्या, "मार्गदर्शन हवंय, पण हात लावायचा नाही. मागच्या वर्षी आमचा प्रयोग बाद झाला. एका मुलीच्या वडिलांनीच करून दिला होता. परीक्षकांनी विचारल्यावर मुलींना तार कुठून कुठे जाते तेही सांगता येईना. पुन्हा तसं झालं तर मुख्याध्यापक मुलींना पाठवणंच बंद करतील."

मी म्हणालो, "बाई, माझ्या हाताखालून गेलेली मोटर परत येत नाही."

"तेच म्हणतेय. हाताखालून जायला नको."

बोलणे जरा तुटक वाटले. पण पेणमध्ये यांत्रिकीतले विचारायला माझ्याकडेच यावे लागते, हे त्यांना ठाऊक आहे. मी सातवीपर्यंत शिकलो. पुढचे सगळे मोटरी उघडून शिकलो. जाताना बाईंनी आणखी एक काम दिले : पथकात येणाऱ्या मुलींसाठी सूचना लिहून द्यायच्या. प्रयोगशाळेच्या दारावर लावणार आहेत.

बुधवार, १० डिसेंबर

सूचना लिहून झाल्या. एकूण अकरा. वेणी आवळून वर बांधावी, सुटा केस मोटरीत जातो. बांगड्या घालू नयेत. ओल्या हाताने बॅटरीला शिवू नये. विचारल्याशिवाय स्क्रू काढू नये. सोल्डरिंग मुलींनी करू नये, मोठ्या माणसाकडून करून घ्यावे. चालू यंत्राजवळ उभे राहू नये. वगैरे.

चंद्रावतीने भाजी निवडता निवडता कागद वाचला. बायकोला वाचून दाखवायचा माझा विचार नव्हता, तिनेच ओढून घेतला.

"अकरातल्या नऊ 'करू नये'," ती म्हणाली. "मग पोरींनी यायचं कशाला? आरती करायला?"

तिला या विषयातले कळत नाही. कागद शाईने पुन्हा लिहून काढला.

रविवार, १४ डिसेंबर

तिघी दुकानावर आल्या. अनिता खाडीकाठची, बाप काळुराम मिठागरावर कामाला. यंत्राची कल्पना हिचीच. भूमिकाच्या घरी गणपतीचा कारखाना, तिचे हात कायम मातीचे. निशिगंधा गागोद्याची, शेतकऱ्याघरची, इथे मामाकडे राहते. ती बोलते. फारच बोलते.

सूचना वाचून निशिगंधाने विचारले, "काका, श्वास घेतला तर चालेल ना?"

तिघी खिदळल्या. मी हसलो नाही. मी म्हणालो, आधी शिस्त, मग यंत्र.

अनिता हसून झाल्यावर म्हणाली, "काका, सोल्डरिंग आमी नाय केली तर मशीन आमची कशी व्हयल?"

मी सांगितले की सांधा कच्चा राहिला तर सगळे वाया जाते. चांगला सांधा यायला मला चार वर्षे लागली. ती टेबलावरचा सोल्डरिंगचा आयर्न उचलून वजन कसे आहे ते बघत राहिली.

शनिवार, २७ डिसेंबर

मुलींनी हाताला ट्रकच्या वायपरची जुनी मोटर बसवली. मोटर माझी निवड. पंजा भूमिकाने केला, गणपतीच्या आशीर्वादाच्या हाताच्या साच्यातून. देवाचा हात फाटक उचलणार, या कल्पनेवर निशिगंधा अर्धा तास बोलली.

पंजा प्लास्टरचा ओतावा असे मी सांगितले होते, मजबुतीसाठी. भरला एक किलो चारशे ग्रॅम. मोटर कण्हायला लागली. मग कागदाच्या लगद्याचा करावा असे ठरले. तो तीनशे दहा ग्रॅम भरला. आता मोटर आरामात उचलते.

भूमिका म्हणाली, "मी पहिल्याच दिवशी लगदा म्हणाले होते, काका."

म्हणाली असेल. मला आठवत नाही.

रविवार, ४ जानेवारी १९९८

आज वाद झाला. मुद्दा असा की, हाताने उठायचे कधी हे त्याला सांगणार कोण?

माझे म्हणणे घड्याळ. भरतीची वेळ तिथीवरून निघते, तिथीला पाऊणाने गुणले की झाले. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. टेबलावरच्या घड्याळाच्या काट्याला तांब्याची पट्टी जोडली की ठरल्या मिनिटाला करंट सुरू. स्वच्छ काम.

अनिताचे म्हणणे तरंगता. थर्मोकोलचा गोळा पाण्यावर चढेल, त्याच्यावरची पट्टी वरच्या पट्टीला टेकेल, करंट सुरू होईल, हात उठेल. मी म्हणालो, हे संडासाच्या टाकीचे तंत्र झाले. अनिता लाल झाली.

"काका, बाबा घड्याल बघत नाय. पानी बघतो."

"बाबाकडे घड्याळ नसेल."

हे मी म्हणायला नको होते, असे चंद्रावतीचे मत. मुली घरी गेल्यावर बोलली. मी फक्त वस्तुस्थिती सांगितली होती.

शेवटी बाईंनी निर्णय दिला : प्रयोग मुलींचा, तरंगताच होईल. ठीक आहे. माझे घड्याळ मी फळीवर ठेवून दिले आहे.

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत.

शाळेला सुट्टी, मुली येणार नव्हत्या, म्हणून हिशेब ताडायला मिठागरावर गेलो. द्वितीया, म्हणजे दीड वाजता भरती. काळुराम म्हणाला की खाडीत इतक्या आत पाणी पाऊण तास मागून येते, म्हणून मी सव्वादोन धरले. काळुराम बांधावर उभा होता. त्याने ओले बोट वर धरले.

"वारा पच्छिमेचा हाय. लवकर येल."

एक वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी पाणी फाटकाला टेकले. माझ्या हिशेबापेक्षा सत्तावीस मिनिटे आधी. काळुरामने फळ्या उचलल्या, पाणी आत घेतले. एवढ्या वेळात त्याने एकदाही माझ्याकडे पाहिले नाही. मुद्दाम पाहिले नाही असे वाटले. तिळगूळ मात्र त्यानेच आधी पुढे केला.

घरी येऊन घड्याळ रेडिओशी ताडून पाहिले. बरोबर होते.

रविवार, १८ जानेवारी

नवीन संकट. शाळेच्या प्रयोगशाळेत, खाडी म्हणून मांडलेल्या टाकीत पाणी ओतले की लाटा उठतात, गोळा नाचतो, पट्टी लागते-सुटते, लागते-सुटते, आणि हात ताप आल्यासारखा थरथरतो. चार दिवस उरले आहेत. बाईंचा चेहरा उतरला. मी म्हणालो, घड्याळ अजून फळीवर आहे.

अनिता उकिडवी बसून बराच वेळ पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, "फाटकाच्या मागं पानी गप असतं. भायेर कितीबी नाचू दे."

तिने प्लंबिंगच्या नळीचा वीतभर तुकडा घेतला, खाली एक बारीक भोक पाडले आणि गोळा नळीच्या आत सोडला. बाहेर लाटा, आत पाणी संथ चढते. हात एकदाच उठला, सरळ, न थरथरता.

मी सव्वीस वर्षे या धंद्यात आहे. हे मला सुचले नाही, कारण माझा पाण्याशी संबंध येत नाही. माझा संबंध तारेशी.

सोल्डरिंगही तिघींनी केले. एकेचाळीस सांधे. मी एक-एक ओढून पाहिला, तीन निघाले. तीन त्यांनी पुन्हा केले. दारावरच्या कागदावरची ती सूचना मी खोडली आणि त्या जागी लिहिले : पहिले वीस सांधे बिघडतील, बिघडू द्यावेत. निशिगंधाने त्याखाली पेन्सिलीने 'काकांना सांगू नये' असे लिहिले आहे. मी पुसले नाही.

बुधवार, २१ जानेवारी. वरसे.

सकाळच्या गाडीने रोह्याला आलो. टाकी मांडीवर, बॅटरी पायांत. मुक्काम वरशाला माझ्या बहिणीकडे, हौसाकडे. बाई आणि मुली आतल्या खोलीत, मी ओसरीवर.

दुपारी सभागृहात मांडणी केली. टेबल क्रमांक चौदा. परीक्षक उद्या अकरा पस्तीसला येणार, तसे वेळापत्रक लागले आहे. पलीकडच्या टेबलावर एका मुलांच्या शाळेचे पथक. त्यातला एकजण मोठ्याने म्हणाला, "हे पेणच्या मिस्त्रीचं मशीन!" निशिगंधा म्हणाली, "मिस्त्रीला विचार, त्याला येतं का चालवायला!" बाईंनी दटावले.

मिस्त्रीचे मशीन हे ऐकून मला वाईट वाटले नाही, हे इथे प्रामाणिकपणे लिहितो.

दहा वेळा चालवून पाहिले. नऊ वेळा उठला. एकदा गोळा नळीत तिरका होऊन अडकला. अनिता म्हणाली, "उद्या नली सरल लावते, मंग नाय अडकनार." पण दहात एक म्हणजे एक. दहात एक मोटर जळाली तर मी दुकान बंद करीन. आणि ती एक वेळ नेमकी परीक्षकांसमोर आली तर? तिघींचे तोंड कसे होईल ते डोळ्यासमोरून जात नाही.

घड्याळ सोबत आणले आहे. सहज आणले होते.

गुरुवार, २२ जानेवारी

आजचे क्रमाने लिहितो.

मुली हौसाकडे वेण्या घालत होत्या. मी साडेआठला एकटाच सभागृहात गेलो. घड्याळ यंत्राच्या तारांच्या डब्यात बसवले, पट्टी अकरा चाळीसवर. परीक्षक अकरा पस्तीसला येणार, निशिगंधाची ओळख तीन मिनिटे, मग पाणी ओतायचे, दीड-दोन मिनिटांत हात उठायचा. हिशेब बरोबर बसत होता. दोन्ही तारा ठेवल्या असत्या तर हात दोनदा उठला असता, म्हणून तरंगत्याची तार सोडवली. एकूण चौदा मिनिटे लागली. मुलींना सांगितले नाही. सांगितले असते तर त्या घाबरल्या असत्या, आणि घाबरलेल्या माणसाचा हात चुकतो. असा माझा विचार होता.

अकरा पस्तीस झाले. परीक्षक आले नाहीत. पाहुण्यांची मोटार अडकली म्हणून उद्घाटनच लांबले.

अकरा चाळीसला कोरड्या टाकीवर हात उठला. गणपतीचा पंजा वर, समोर कोणी नाही. पलीकडची मुले टाळ्या वाजवायला लागली. भूमिकाने बटण दाबून हात खाली आणला. अनिता टाकीकडे बघत राहिली. टाकीत थेंब नव्हता.

मी खांबाजवळ होतो. तेव्हाच पुढे होऊन सांगता आले असते. वेळ होता, वीस मिनिटे. मी मनाशी म्हणालो, आत्ता डबा उघडला तर लोक बघतील.

बारा वाजून दोन मिनिटांनी परीक्षक आले. तिघे. त्यांतले मुख्य परीक्षक एका कंपनीत इंजिनियर आहेत, चष्मा कपाळावर. निशिगंधा न अडखळता बोलली. अनिताने पाणी ओतले. गोळा नळीत चढला, पट्टीला पट्टी टेकली. हात हलला नाही.

"सर, एक मिनिट," अनिता म्हणाली आणि डब्याचे चार स्क्रू काढले. आत बघून थांबली. घड्याळ टिकटिकत होते.

मुख्य परीक्षक वाकले. "हे काय?"

"ही तार आमची नाय."

"मग कोणाची?"

माझ्या सांध्यावर मी वाइंडिंगचा मेणाचा दोरा गुंडाळतो. पेण तालुक्यात दुसरा कोणी गुंडाळत नाही. तिने त्या दोऱ्यावर बोट ठेवले. माझ्याकडे मात्र पाहिले नाही.

"ठाऊक हाय, सर. पन सांगनार नाय. आधी मशीन चालवून दाखवू का?"

"बाहेरच्याचा हात लागला असेल तर नियमाने प्रयोग बाद होतो, बाळ. कोणाचा लागला आणि किती लागला, हे कळल्याशिवाय मला काहीच बघता येणार नाही." त्यांनी कागदावर टेबल चौदासमोर प्रश्नचिन्ह केले. उद्या सकाळी साडेनऊपर्यंत खुलासा द्या, म्हणाले, आणि पुढे गेले.

बाई माझ्याकडे बघत होत्या. मी खांबाजवळच.

संध्याकाळी हौसाने तांदळाच्या भाकऱ्या वाढल्या. मुली आत जेवल्या. हौसा म्हणाली, "दादा, पोरी का रडतात गो म्हनून इचारलं तं कोनी सांगं ना. तुला तरी ठावं हाय का?"

मी म्हणालो, स्पर्धेत असे होतेच.

शुक्रवार, २३ जानेवारी. पहाटे साडेपाच.

कालचे वाचून पाहिले. त्यात कुठे चूक नाही, वेळा बरोबर आहेत. पण 'सांगितले असते तर त्या घाबरल्या असत्या' हे वाक्य खरे नाही. त्या घाबरल्या नसत्या. नको म्हणाल्या असत्या.

अनिता विहिरीवर पाणी काढत होती. मी गेलो. "अनिता, ते मी केलं."

"ठाऊक हाय. तुमचा दोरा वलखला."

"मग काल नाव का नाही घेतलंस?"

तिने घागर काठावर टेकवली. "तुमचं नाव तुमी घ्याल म्हनून."

तीच तारीख. संध्याकाळ.

सव्वानऊला परीक्षक मंडळासमोर उभा राहिलो. सांगितले की घड्याळ आणि ती तार माझी. पुंडलिक मिस्त्री, पेण. मुलींना न विचारता, त्यांच्या पाठीमागे.

इंजिनियरसाहेबांनी विचारले, "यातलं तुमचं आणखी काय काय?"

मी चष्मा लावून सगळे यंत्र वरपासून खालपर्यंत पाहिले. पंजा. तरंगता. नळी. फाटकाच्या खाचा. एकेचाळीस सांधे. मोटर कुठली घ्यावी ते मी सांगितले होते, पण ती बसवली त्यांनीच. काहीतरी सापडेल असे वाटत होते.

"आणखी काही नाही," मी म्हणालो. "ही एकच तार. आणि हिच्यामुळेच बंद पडलं."

ते तिघे आपसात बोलले. मग निर्णय दिला : मुलींनी सगळे यंत्र सुटे करायचे, एक-एक तार, आणि मंडळासमोर पुन्हा उभे करायचे. दोन तास. चालले तर प्रयोग धरू, नाही चालले तर बाद. "आणि हे गृहस्थ फाटकाबाहेर."

दहा दहाला मी फाटकाबाहेर गेलो. रस्त्यापलीकडे चहाची टपरी आहे, तिथून सभागृहाची खिडकी दिसते. आतले दिसत नाही, ऐकू येते.

दहा चाळीस. आता मोटर निघाली असेल. मोटरच्या बुडाशी एक वॉशर आहे, तो विसरला तर हात तिरका बसतो. हे मी त्यांना एकदा सांगितले होते की नाही, आठवेना. दुसरा चहा घेतला, प्यायलो नाही.

अकरा वीस. काही पडल्याचा आवाज. मग निशिगंधाचे हसणे. या पोरीला हसू कसे येते?

अकरा पस्तीस. भूमिका धावत फाटकाशी आली. शिपाई तिच्या मागोमाग.

"काका, करवत आहे ना तुमच्या पिशवीत? बारीक दातांची?"

जोडणीत करवतीचे काम नाही. कुठेच नाही. सगळे भाग कापलेले आहेत, मोजलेले आहेत. अर्धा तास उरलेला असताना करवत मागतात म्हणजे काहीतरी मोडले, किंवा काहीतरी नवीनच काढले. दोन्ही वाईट. मी पिशवीत हात घातला. जिभेवर चार प्रश्न होते आणि एक वॉशर.

"शब्द बोलायचा नाही हं," शिपाई म्हणाला. "मला बघत राहायला सांगितलंय."

मी करवत दिली. भूमिका क्षणभर थांबली, माझ्या तोंडाकडे बघत. मी मान हलवली, नाही म्हणून. ती धावत गेली.

बारा वाजून सहा मिनिटे. आत शांत झाले. मग निशिगंधाचा आवाज, तेच कालचे भाषण, पहिल्या वाक्यापासून. पाण्याच्या वाक्याशी आली. बादलीचा आवाज. मी मोजायला लागलो. गोळा वर यायला नव्वद अंक लागतात, मी अनेकदा मोजले आहेत.

नव्वद झाले. काही नाही. शंभर. टपरीवाला म्हणाला, "सुट्टे द्या." मी हात वर करून थांबवले. एकशे दहा. एकशे वीस. अडकला. मी टपरीचा बांबू धरला.

एकशे एकतीसला मोटर वाजली. ती मोटर मी हजार मोटरींत ओळखीन. न थरथरता, एका दमात. मग टाळ्या, पण त्याआधी अनिताची किंचाळी.

निकाल चारला लागला. दुसरा क्रमांक, पुढच्या फेरीसाठी निवड. यादीत तीन नावे आहेत. मी यादी दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा बरोबर वाटली.

टेबलाजवळ गेलो तेव्हा डबा उघडाच होता. वॉशर जागेवर होता. आणि जुन्या नळीच्या आत त्यांनी दुसरी, अरुंद नळी बसवली आहे. करवत तिच्यासाठी. गोळा आतल्या नळीत आहे, नवा, लहान केलेला. वेळ जास्त लागला तो बाहेरच्या नळीचे भोक बारीक केल्यामुळे, एवढे मला कळले. पण लाटा थांबवायला एक नळी पुरत होती. मग दोन का? गोळा अडकू नये म्हणून, असे धरले तर अरुंद नळीत तो जास्तच अडकायला हवा. पण अडकला नाही. बाईंसमोर तिघींनी नंतर हात वीस वेळा चालवला, वीसही वेळा उठला.

गाडीत मुली गात होत्या म्हणून विचारले नाही. पेण येईपर्यंत कागदावर तीन वेळा आकृती काढली. जमेना. रविवारी मिठागरावर जाऊन अनिताला विचारणार आहे.